लेझर स्कॅन की फोटोग्रॅमेट्री? जुन्या दगडी वास्तूसाठी काय निवडाल

दगडी वास्तूचा आकार आणि अवस्था मोजून नोंदवून ठेवण्याचा विषय निघाला की चर्चा थेट यंत्राच्या किमतीवर येते. त्याआधी एक ठरवा: भिंत किती कलली ते हवंय, कोरीवकाम किती झिजलं ते, की दगडावर काय वाढलंय ते?

भिंती, कमानी, घुमट यांची मापं हवी असतील तर ट्रायपॉडवरचा लेझर स्कॅनर घ्या. स्वतःचा लेझर किरण टाकून तो एकेका बिंदूचं अंतर मोजतो, त्यामुळे अंधारातही अडत नाही. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल असंच स्कॅन करून ठेवलं होतं. २०१९च्या आगीनंतर ती मापं कामी आली. पण नक्षीच्या कडेवर हाच स्कॅनर फसतो. किरणाचा ठिपका अर्धा कडेवर, अर्धा मागच्या भिंतीवर पडतो आणि दोन्हींच्या मधे, हवेत, नसलेला बिंदू उमटतो. संगमरवरात तर प्रकाश थोडा आत शिरतो, म्हणून तिथल्या अगदी बारीक मापांवर डोळे झाकून विसंबू नका.

फोटोग्रॅमेट्रीत एकमेकांवर भरपूर चढणारे फोटो काढून आकार उभा करतात. खर्च कमी, रंग उत्तम, आणि ड्रोन लावला की शिखरही आवाक्यात. मात्र फोटोंना आकारमान कळत नाही. चौकटीत मापपट्टी किंवा मोजलेले बिंदू हवेतच. सपाट, एकरंगी गिलाव्यावर ही पद्धत हमखास गडबडते. छोट्या शिल्पासाठी आणि मोजक्या पैशांत मी हीच निवडेन.

झिजलेल्या खुणा शोधायच्या तर जवळून, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं स्कॅन लागतं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाच्या २०११च्या स्कॅनमध्ये नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ७१ कुऱ्हाडींच्या आकृत्या सापडल्या.

शेवाळाचा प्रश्न वेगळा. तिथे अतिनील लेझर दगडावर टाकतात. हरितद्रव्य लाल चमकतं आणि लागण कुठवर पसरलीय ते लांबूनच कळतं. स्वीडनमधल्या लुंड कॅथेड्रलवर १९९४ मध्ये हे करून पाहिलं गेलं. यंत्र विकत घेण्याच्या फंदात पडू नका, जाणकार संस्थेकडूनच करून घ्या.

पद्धत कुठलीही असो, करारात कच्चा डेटा मागून घ्या आणि वास्तूजवळ पक्के संदर्भबिंदू, म्हणजे पुढचं स्कॅन जुळवायला न हलणाऱ्या खुणा, बसवून घ्या. दहा वर्षांनी दोन स्कॅन जुळवताना पाच मिलिमीटरची चूक राहिली, तर दोन मिलिमीटर झीज झाली की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही.