पोस्ट-पंकचे रिइश्यू संच: काही महिन्यांच्या वापरानंतर (आणि एका सरकलेल्या केंद्राबद्दल जरा जास्तच)

पोस्ट-पंकच्या (पंक रॉकनंतरच्या प्रयोगशील रॉकच्या) एका बँडच्या जुन्या गाण्यांचा रिइश्यू, म्हणजे पुन्हा छापलेला संच मी घेतला. त्यातल्या दुसऱ्या एलपीची (मोठ्या तबकडीची) बी बाजू, म्हणजे मागची बाजू, मध्यावर छापलेली नाही. विक्रेत्याला मी एवढंच कळवलं होतं. उत्तर आलं, ‘हे उत्पादनाच्या मान्य मर्यादेत बसतं.’ मर्यादा कोणाची आणि मान्य कोणाला, असं विचारल्यावर तिकडे सामसूम. त्या सामसुमीत हा अनुभव लिहायला घेतला.

बँडचं नाव देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. लेबलचं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं) आणि विक्रेत्याचंही देत नाही, पैशांचा वाद अजून मिटलेला नाही. या प्रकारातला नेहमीचाच बँड समजा: १९७९ ते १९८१ या काळात दोन-तीन सिंगल (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या), एक ईपी (सिंगलहून मोठी, अल्बमहून छोटी तबकडी), थोडी रेडिओ सेशन (रेडिओसाठीची ध्वनिमुद्रणं) आणि मग फाटाफूट. संच मात्र ऐसपैस. दोन जाड एलपी, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर, गुळगुळीत कागदाची पुस्तिका. किमतीत दोन-तीन सीडी संकलनं सहज आली असती, आणि ते मला त्या दिवसापासून खुपतंय.

तर केंद्राचं प्रकरण. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एलपीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. खोबण्यांचं (सुई ज्यातून फिरते त्या रेषांचं) केंद्र मधल्या भोकापासून एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर प्रत्येक फेरीत सूर एकदा चढतो आणि एकदा उतरतो. बाहेरच्या कडेला हा फरक पाऊण टक्क्याच्या आत राहतो. सुई मधल्या कागदी लेबलजवळ पोचते तेव्हा तो १.७ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे अर्धस्वराच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त. थोडक्यात, बाजूवरचं शेवटचं गाणं सगळ्यात जास्त मार खातं. आणि या शहाण्यांनी बी बाजूच्या शेवटी काय लावलं? बँडचं एकमेव संथ गाणं, ज्यात ऑर्गनचा एकच सूर लांबवर धरून ठेवलाय. खरखरीत गिटार आणि ओरडणारा गायक असता तर कदाचित कळलंही नसतं. धरलेला ऑर्गन लपवू देत नाही. ऐकताना बोट लागल्यासारखं होतं.

विक्रेत्याने व्हिडिओ मागितला, पाठवला. त्यांनी तो ए बाजूचा मागितला होता, हे वेगळं सांगायला हवं. ए बाजू ठीकच आहे. भोक एकच असलं तरी दोन बाजूंच्या खोबण्या दोन वेगळ्या धातूच्या साच्यांतून उमटतात. एक साचा नीट बसवलेला आणि दुसरा सरकलेला, असं होऊ शकतं. हे समजावायला मला चार परिच्छेद लिहावे लागले. रेकॉर्ड विकणाऱ्याला रेकॉर्ड कशी बनते हे गिऱ्हाइकाने शिकवायचं! १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे हे बँड ऐन भरात असताना, नाकामिची या जपानी कंपनीने एक टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) काढलं होतं, टीएक्स-१०००. ते खोबणीचं केंद्र स्वतः शोधून तबकडी तेवढी सरकवून घ्यायचं. ‘मान्य मर्यादे’तला हा दोष तेव्हाही कोणाला तरी एवढा खुपला की त्यावर आख्खं यंत्र बांधलं.

असो. याच महिन्यांत इतर संकलनंही आलटून-पालटून ऐकत होते, आणि खरी तुलना तिथेच झाली.

या बँडांच्या बाबतीत संकलन हेच बरेचदा त्यांना ओळखायचं एकमेव साधन असतं. मोठ्या बँडचं ‘निवडक’ नाही घेतलं तरी अल्बम असतात. इथे अल्बम नसतोच, किंवा असतो तो बँड थकल्यावर केलेला. त्यामुळे क्रम कसा लावलाय, काय वगळलंय, कुठल्या टेपवरून घेतलंय, यावर बँड कळणार की नाही हे ठरतं. झुरिकच्या क्लीनेक्स या बँडचं उदाहरण घ्या. रुमालवाल्या कंपनीच्या नावामुळे त्यांना नाव बदलून लिलिपुट व्हावं लागलं. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण दोन सीडींवर आलं, आधी स्वित्झर्लंडमध्ये १९९३ साली आणि मग २००१ मध्ये किल रॉक स्टार्स या अमेरिकी लेबलकडून. ४६ गाणी. पहिल्या सीडीवर उड्या मारत येणाऱ्या मुली दुसऱ्या सीडीपर्यंत विचित्र, गंभीर, व्हायोलिन आणि सॅक्सोफोनवाल्या झालेल्या असतात. हे कालक्रमाने ऐकलं तरच कळतं. हा संच मी सगळ्यात जास्त वाजवला आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी तक्रार आहे.

त्याच्या जोरावर माझं मत असं बनलं होतं की सगळं द्या, एकही टेप वगळू नका, चाळणी आम्ही लावू. पुढच्या महिन्यांत ते मत बरंच झिजलं. द होमोसेक्शुअल्स या बँडचा ‘अॅस्ट्रल ग्लॅमर’ हा २००४चा तीन सीडींचा संच घेऊन बसले. त्यातली गाणी ऐंशीच्या घरात. पहिली सीडी कमाल आहे. तिसरीपर्यंत पोचताना मात्र मी दुसरी कामं करायला लागते, आणि काय वाजलं ते आठवत नाही. याच बँडची निवडक गाणी रेकमेंडेड रेकॉर्ड्सने १९८४ मध्येच एका एलपीवर आणली होती. नवख्या माणसाला आता मी ती आधी ऐक म्हणेन.

एडिनबराच्या जोसेफ के या बँडचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. त्यांनी पहिला अल्बम, ‘सॉरी फॉर लाफिंग’, करून शेवटच्या क्षणी रद्द केला, कारण तो फारच गुळगुळीत वाटला. मग ब्रुसेल्सला जाऊन ‘द ओन्ली फन इन टाउन’ केला, तो १९८१ मध्ये आला, आणि बँड त्याच वर्षी संपला. डॉमिनो या लेबलच्या २००६च्या ‘एंटोमॉलॉजी’त दोन्हींतली गाणी, सिंगल आणि रेडिओ सेशन एकत्र आहेत. सुरुवातीला चिडले होते. दोन वेगळे अल्बम असे कापून मिसळायचे? पण त्या एका सीडीवर बँड जसा सलग, घाईत, चिडचिडा ऐकू येतो तसा तो कुठल्याही एका अल्बमवर येत नाही. निवड करणाऱ्याला कान असेल तर निवड परवडते. माझं ताजं मत हे. उद्या आणखी एखादी सीडी आली तर पुन्हा बदलेल.

यंग मार्बल जायंट्स या कार्डिफच्या तिघांची गोष्ट निराळी. ‘कोलॉसल युथ’ हा त्यांचा अल्बम १९८०चा, रफ ट्रेड या लेबलचा. मुळातच इतका मोकळा आहे की बेस, एक गिटार किंवा ऑर्गन, टेपवरचा यांत्रिक ठेका आणि अॅलिसन स्टॅटनचा आवाज, बास. बेल्जियमच्या ले दिस्क द्यु क्रेपुस्क्यूलने १९९०च्या दशकात अल्बम, ‘फायनल डे’ आणि ‘टेस्टकार्ड’ ईपी एकाच सीडीवर बसवले होते. डॉमिनोने २००७ मध्ये तीन सीडी केल्या, त्यात डेमो (कच्ची ध्वनिमुद्रणं) आणि पील सेशन (बीबीसीच्या जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठीचं ध्वनिमुद्रण) वाढले. डेमो दोनदा ऐकले, पुरे. आधीच हाडं उरलेल्या गाण्याचा आणखी कच्चा सांगाडा ऐकून हाती फारसं लागत नाही. पील सेशन मात्र ठेवण्यासारखं. ज्यांच्याकडे जुनी एक सीडी आहे त्यांनी नव्यासाठी पैसे घालायचे का? माझं उत्तर नाही. आणि हा अल्बम एलपीवर घ्यायचा असेल तर, हो, केंद्र तपासून घ्या. इतक्या रिकाम्या संगीतात सरकलेलं केंद्र लपायला जागाच नाही.

आवाजाबद्दल थोडं. स्टिकरवर ‘रिमास्टर’ (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने नीट केलेला) लिहिलेलं असतं, कशावरून ते नसतं. मूळ टेप सापडली असेल तर उत्तम. १९७०-८०च्या दशकांतल्या काही टेपचा लेप हवेतल्या ओलाव्याने चिकट होतो, त्या मंद आचेवर काही तास भाजून एकदाच नीट वाजवून घ्याव्या लागतात. टेप हरवली असेल तर जुन्या सिंगलवर सुई ठेवून घेतात. त्यालाही माझी हरकत नाही, हे बँड असेच आमच्यापर्यंत पोचलेत. फक्त पुस्तिकेत तसं लिहा. माझ्या भांडणवाल्या संचात पुस्तिका भरपूर पानांची आहे, पण कुठलं गाणं कधी, कुठे, कशावरून घेतलं याचा पत्ता नाही. त्याऐवजी एका नामांकित माणसाचं ‘मला हे किती आवडायचं’ छापाचं टिपण. द रेनकोट्स या बँडच्या १९९०च्या दशकातल्या रिइश्यूला निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनने लिहिलं ते मनापासून होतं, आणि त्यामुळे लोक बँडपर्यंत पोचले. तेव्हापासून प्रत्येकाला आपापला कोबेन हवाय. मला तारखा हव्यात.

हे अर्धं लिहून झालं आणि बदली एलपी आली. चिकटपट्टी फाडली, थेट बी बाजू, थेट शेवटचं गाणं. तेच. तस्संच. साचा तोच असेल तर त्याच्या सगळ्या प्रती तशाच निघणार, हे त्या चार परिच्छेदांत लिहिलेलंच होतं. आता विक्रेता म्हणतो दोन्ही परत पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा. लेबलला लिहिलं तर त्यांनी नम्रपणे गाणी डाउनलोड करायचं कूपन पुन्हा पाठवलं, जे संचात आधीच होतं. आणि गंमत म्हणजे ते डाउनलोड उत्तम आहे. ऑर्गन सरळ रेषेत. म्हणजे टेप चांगली, मास्टरिंग चांगलं, महाग तबकडी तेवढी वाईट. ज्या भागासाठी जास्तीचे पैसे मोजले, नेमका तोच भाग बिघडलेला.

इथे स्क्रिटी पोलिटी या बँडची आठवण निघणारच. १९७८च्या त्यांच्या पहिल्या सिंगलच्या कव्हरवर रेकॉर्ड बनवायला काय खर्च आला ते छापलं होतं. स्टुडिओ, कटिंग (खोबण्या कोरणं), प्रेसिंग (तबकड्या छापणं), कागदी लेबलची छपाई, सगळं. वाचणाऱ्याला कळावं की हे तुम्हालाही जमेल. ती सुरुवातीची गाणी २००५च्या ‘अर्ली’ या साध्या सीडीवर मिळतात आणि ती सीडी मी न चिडता वाजवते. त्या पिढीची गाणी आता ऐषारामी खोक्यांत येतात तेव्हा कव्हरवर खर्चाचा हिशोब कोणी छापत नाही. छापला तर बरं होईल. जाड कव्हराला किती गेले आणि साचा नीट बसवायला किती, हे पाहायला मला आवडेल.

पैसा बँडकडे जातो का, हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कमधल्या दक्षिण ब्राँक्सच्या ईएसजी या बँडच्या ‘यूएफओ’ या गाण्यातले तुकडे हिप-हॉपमध्ये इतके वापरले गेले की त्यांनी १९९२च्या ईपीचं नावच ‘सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स’ ठेवलं. २००० साली ‘अ साउथ ब्राँक्स स्टोरी’ हे संकलन आल्यावर कित्येकांना ती गाणी पहिल्यांदा त्यांच्या नावाने ऐकायला मिळाली. एकाच सीडीवर, फालतू काही नाही. अशा संकलनासाठी पैसे देताना हात आखडत नाही.

खोक्यांवरचा माझा राग एवढा पेटलेला असताना एकाने मधे पाणी ओतलं. अमेरिकेतल्या अथेन्सच्या पायलॉन या बँडचा ‘पायलॉन बॉक्स’, २०२० चा, न्यू वेस्ट या लेबलचा. चार एलपी आणि २०० पानांचं बांधीव पुस्तक. मागून घेतलेला, वापरलेला, तक्रारीच्या तयारीने उघडलेला. तक्रार सापडली नाही. ‘जायरेट’ आणि ‘चॉम्प’ हे अल्बम तर आहेतच, पण खरी चीज ‘रॅझ टेप’: पहिल्या सिंगलच्याही आधीचं १९७९चं ध्वनिमुद्रण. व्हनेसा ब्रिस्को आज्ञा सोडल्यासारखी गाते, आणि गिटारवाला रँडी ब्यूली सूर कमी आणि टोचे जास्त देतो. इथे ‘सगळं द्या’ हे तत्त्व पुरेपूर पटतं, कारण सगळं मिळूनही फार नाही. चारही तबकड्यांच्या शेवटच्या खोबण्या मी तपासल्या. सरळ. डीएफए या लेबलने २००७ आणि २००९ मध्ये हेच दोन अल्बम जादा गाण्यांसह सीडीवर आणले होते. ज्यांना पुस्तक नको त्यांचं तेवढ्यावर भागेल.

जुन्या सीडी वापरलेल्या घेताना एक बघा: १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या एका कारखान्यातून निघालेल्या काही सीडींवरचा लेप कागदातल्या गंधकाने बिघडून तबकडी तपकिरी पडत जाते. उजेडात तिरकी धरून कड पाहिली की कळतं. तपकिरी असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

सध्या रोज वाजते ती लीड्सच्या डेल्टा फाइव्ह या बँडची ‘सिंगल्स अँड सेशन्स १९७९–८१’. दोन बेस गिटार, तिघींच्या एकमेकींवर चढणाऱ्या हाका, आणि त्यांचा १९८१चा थोडा फसलेला अल्बम सरळ वगळलेला. पूर्वी या वगळण्यावर मी दोन परिच्छेद चिडले असते. भांडणवाला संच विकायला काढलाय, दोष लिहून, किंमत कमी करून. विचारणारे दोघे आले, दोघांनीही पहिला प्रश्न केला, ‘ए बाजू ठीक आहे ना?’