जपानच्या खेड्यातला हिवाळा: रॉकेल, एसी की कोतात्सु?

जपानच्या खेड्यात भाड्याने मिळणारं जुनं घर बहुतेक लाकडी असतं. खिडक्यांना एकेरी काच आणि अॅल्युमिनियमची चौकट, फटींतून वारा. सगळं घर तापवायची पद्धत नाही, ज्या खोलीत बसायचं तेवढीच तापवायची. हीटर निवडताना सगळे बिल बघतात, पण खरा प्रश्न असतो रॉकेल कोण आणि कसं आणणार हा.

त्याआधी भाडेकरार वाचा. अनेक अपार्टमेंटमध्ये रॉकेलच्या हीटरला मनाई असते, मग गरम हवाही देणारा एसी आणि कोतात्सु, म्हणजे खालून तापणारं, दुलई टाकलेलं बुटकं टेबल, एवढंच उरतं. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर धूर भिंतीतून बाहेर सोडणारा हीटर बहुतेक बसवलेलाच असतो आणि बाहेरच्या मोठ्या टाकीत टँकरवाला रॉकेल भरून जातो. तिथे निवडायला फारसं काही नाही.

आता पैशांचं. एक लिटर रॉकेलमधून सुमारे १० युनिट उष्णता मिळते. भाव लिटरला १२० येन धरला, तर एक युनिट उष्णता १२ येनला पडते. विजेचा दर युनिटला ३१ येन धरला, तर कॉइलचा किंवा तेल भरलेला हीटर त्याच उष्णतेचे ३१ येन घेतो. तो मुख्य हीटर म्हणून घेऊच नका. एसी एका युनिट विजेत २.६ युनिट उष्णता देत असेल तर रॉकेलशी बरोबरी होते. बाहेर ७-८ अंश असताना चांगला एसी याहून बराच जास्त देतो. उणे ५ला साधा एसी ढेपाळतो आणि हिशेब उलटतो.

दमट थंडीत आणखी एक भानगड. बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो, तो वितळवायला एसी काही मिनिटं गरम हवा थांबवतो, आणि नेमकी तेव्हाच खोली गारठते. किनाऱ्यावरच्या निइगाताच्या ओल्या हिमात हे डोंगराळ नागानोच्या कोरड्या थंडीपेक्षा जास्त होतं. जोरदार हिमवृष्टीच्या गावात युनिट स्टँडवर उंच बसवलेलं नसेल तर ते चक्क गाडलं जातं. थंड प्रदेशांसाठी वेगळे एसी मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना २०० व्होल्टची जोडणी लागते आणि भाड्याच्या घरात त्यासाठी मालकाची परवानगी हवी. एसीचा मोठा फायदा म्हणजे टायमर लावून तो निर्धास्त सोडता येतो.

रॉकेलवाल्यांत दोन प्रकार आहेत. फॅन हीटर विजेवर पेटतो, पंख्याने हवा फेकतो आणि तापमान स्वतः सांभाळतो. ३.२ किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात तासाला सुमारे ०.३ लिटर पितो. लाकडी घरात तो ९ तातामींच्या खोलीसाठी असतो (तातामी म्हणजे जमिनीवरची चटई, खोल्या तिच्या मापाने मोजतात). खोक्यावर १२ तातामी लिहिलेलं दिसेल, पण ते काँक्रीटच्या इमारतीचं. फटींचं घर असेल तर एक माप मोठा घ्या. बहुतेक मॉडेल ३ तासांनी आपोआप बंद होतात. मागची जाळी आठवड्याला पुसा. केसांना लावायच्या सिलिकॉनवाल्या सीरम-स्प्रेचे कण ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर बसतात आणि मग हीटर पेटून लगेच विझतो. लोक त्याला बिघाड समजून दुकानात नेतात.

वातीचा स्टोव्ह बॅटरीवर पेटतो, घरची वीज लागत नाही. वर किटली ठेवता येते, हवा कोरडी पडत नाही. पेटवताना आणि विझवताना मात्र वास येतो आणि उष्णता कमी-जास्त करायला फारसा वाव नाही. वीज जाणाऱ्या हिमप्रदेशात घरात हा एक असावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन्ही प्रकार धूर खोलीतच सोडतात. म्हणून तासाला एकदा-दोनदा एक-दोन मिनिटं खिडकी उघडायची, झोपताना विझवायचं आणि वर कपडे वाळत घालायचे नाहीत. एक लिटर रॉकेल जळलं की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. सकाळी एकेरी काचांवरून ओघळ वाहतात आणि पडद्याच्या खालच्या काठाला बुरशी धरते. काचेवर आतून फुगेवाला प्लॅस्टिक कागद चिकटवा, होम सेंटरमध्ये (घरसामानाच्या मोठ्या दुकानात) खिडकीच्या मापाचा मिळतो.

कोतात्सु सर्वांत कमी वीज खातं. पण ते फक्त पाय तापवतं. पाठीमागची खोली ५ अंशांवरच राहते आणि उठून स्वयंपाकघरात जायचं जिवावर येतं. मुख्य हीटर म्हणून ते पुरत नाही, जोडीला मात्र उत्तम. टेबल आणि दुलईच्या मधला पातळ थर म्हणून सोलापुरी चादर छान चालते.

आता रॉकेल आणायचं काम. कॅन १८ लिटरचा, भरला की १५ किलोच्या वर. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, थंडीच्या ऐन महिन्यात आठवड्याला एक-दोन कॅन जमणार आहेत का, ते आधी ठरवा. पंपावर मागायचं ते ‘तोयू’. ‘केइयू’ म्हणजे डिझेल. पूर्व जपानात कॅन बहुतेक लाल, पश्चिमेत निळे. सेल्फ-सर्व्हिस पंपावर रॉकेलची नळी निळी असते आणि लाल नळी साध्या पेट्रोलची. लाल कॅनला लाल नळी जुळवली तर हीटरमध्ये पेट्रोल जातं आणि घराला आग लागू शकते. पाटी वाचूनच नळी उचला. झाकणातलं रबर तडकलेलं नाही ना बघा, कॅन गाडीत उभाच ठेवा, खाली ट्रे द्या. गाडी नसेल तर फेरीवाल्या टँकरची वेळ शेजाऱ्यांना विचारा. थोडं महाग पडतं, पण दारात मिळतं. हेही जमणार नसेल तर एसीकडे वळा.

नळ गोठण्याचाही हिशेब धरा. हीटर रात्री बंद, म्हणजे घर थंड. बाहेर उणे ४च्या खाली जाणार असेल तर पाइप रिकामे करायचा व्हॉल्व्ह ‘बंद’च्या बाजूला फिरवून नळ उघडायचे, म्हणजे पाइपातलं पाणी निघून जातं. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे घर घेतानाच विचारा. पाइपाला तापणारी पट्टी गुंडाळलेली असेल तर तिचा प्लग लावलेला आहे ना बघा. पाइप गोठलाच तर उकळतं पाणी ओतू नका, फुटतो. टॉवेल गुंडाळून कोमट पाणी सोडा.

नैऋत्येकडच्या शिकोकू, क्युशू बेटांच्या सखल भागात एसी आणि कोतात्सुवर भागतं. नागानोच्या खोऱ्यात फॅन हीटर मुख्य आणि पहाटे एसी टायमरवर. निइगाता आणि ईशान्येकडच्या तोहोकूच्या हिमात फॅन हीटरसोबत वातीचा स्टोव्ह. वसंतात टाकी रिकामी करून ठेवा. उन्हाळाभर राहिलेलं रॉकेल पिवळट आणि आंबूस होतं, आणि ऑक्टोबरात तेच भरलं तर वात कडक होते किंवा हीटर पेटतच नाही. उरलेलं रॉकेल ज्या पंपावरून घेता तिथे विचारून परत द्या, मोरीत ओतू नका.