दादाच्या दुकानात डेबियन १२: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

मे २०२४ मध्ये, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात दादाच्या कृषी सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर मी डेबियन १२ ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. हे लिहितोय तो सप्टेंबर २०२५, पोळा होऊन गेला. मधल्या काळात दोन खरीप आणि एक रब्बी असे तीन हंगाम त्या मशीनने काढले. मी स्वतः २००६ पासून लिनक्स वापरतो. पण घरी आपल्या लॅपटॉपवर वापरणं वेगळं आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना, दुसऱ्याच्या हाताखाली ते चालणं वेगळं. म्हणून हा अनुभव दुकानाचाच लिहितो आहे.

मशीन २०१३ चं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. हार्ड डिस्क काढून २४० जीबीचा एसएसडी बसवला, बाकी काही बदललं नाही. त्यावर काम करते वहिनी. बिलं, दरपत्रकं, मालाचा स्टॉक, शेतकऱ्यांचे अर्ज, ऑनलाइन सातबाऱ्याच्या प्रिंट, आणि दुपारी जरा निवांत असलं की यूट्यूबवर कीर्तन. दादा कॉम्प्युटरला हात लावत नाही. त्याला फक्त बिल वेळेवर निघायला हवं.

डेबियनच का, हे सांगतो. उबुंटूच्या सीडी फुकट पोस्टाने घरी यायच्या त्या काळात माझी सुरुवात झाली. परदेशातून आलेलं ते पाकीट पोस्टमनने हातात दिलं तो दिवस मला अजून आठवतो, सीडी होती ६.०६ ची. उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप. पुढे मिंट झालं, फेडोरा झालं, तीही तशीच रूपं, दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी टाकून बघण्याची हौस मी भरपूर केली. ती वर्षं आनंदात गेली आणि त्यातून मी खूप शिकलो. दुकानासाठी मात्र माझी एकच अट होती: काल जे बटण जिथे होतं ते आज तिथेच सापडलं पाहिजे.

डेबियनची स्टेबल आवृत्ती ही अट पाळते. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ ला आली. त्यात लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं सॉफ्टवेअर) ७.४ होतं, आजही ७.४ च आहे. एक्सएफसीई, म्हणजे समोर दिसणारा डेस्कटॉप, ४.१८ तेच. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१ तेच. वरून येतात ते फक्त सुरक्षेचे आणि गंभीर चुकांचे दुरुस्ती-अपडेट. सोळा महिन्यांत वहिनीला बदललेली दिसली ती एकच गोष्ट, फायरफॉक्स ब्राउझर, आणि तिथे बदल करणं भागच असतं. लोक याला 'जुनं सॉफ्टवेअर' म्हणतात. मला ते पटत नाही. वहिनी पहिल्या पंधरा दिवसांत जे शिकली ते तिला आजही जसंच्या तसं उपयोगी पडतं आहे, आणि माणसाचं शिकलेलं वाया न जाणं ही माझ्या मते कॉम्प्युटरमधली सगळ्यात मोठी सोय आहे. नव्या आवृत्तीत काय काय आलं याची चर्चा सगळे करतात. कामाला बसलेल्या माणसाचा हात अडखळला की नाही, हे कोणी विचारत नाही.

इन्स्टॉल करणं या वेळी सोपं गेलं. पूर्वी डेबियन टाकताना वायफायचं फर्मवेअर (ते हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन बसावं लागायचं, कारण जे मुक्त नाही, म्हणजे ज्याचा कोड खुला नाही, ते इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही असा त्यांचा नियम होता. २०२२ मध्ये त्यांनी आपसात मतदान घेऊन तो बदलला आणि १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. तत्त्वाला धरून राहणाऱ्या मंडळींनी गावोगावच्या वापरणाऱ्याची अडचण ओळखली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता मराठीबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण दुकानातलं निम्मं काम मराठीत असतं.

वहिनीला आधी इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवायची सवय होती. मी आयबस आणि एम१७एन ही भारतीय भाषांत टाइप करायची सॉफ्टवेअरं टाकून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. पहिला आठवडा ती वैतागली. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, आता कळा बघाव्या लागत नाहीत. इनस्क्रिप्ट भारतीय मानकात बसलेला आहे, त्यामुळे उद्या ती दुसऱ्या कुठल्याही सिस्टीमवर बसली तरी बोटं तीच चालतील.

एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा चुकत होता, आणि तो नेमका आमच्या दुकानाचा शब्द: शेतकऱ्यांसाठी. ती साधा र, मग हलन्त, मग य असं टाइप करायची आणि स्क्रीनवर यायचं 'शेतकर्यांसाठी', म्हणजे सूर्यातल्यासारखा य वर बसलेला रफार. दरपत्रकावर हा शब्द मोठ्या अक्षरात छापायचा, आणि तो असा आला की दादाही म्हणायचा, काहीतरी चुकलंय. उपाय सोपा आहे, पण कोणी सांगत नाही. इनस्क्रिप्टमध्ये 'जे' या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून 'जे' दाबलं की नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ येतो. त्या ऱ ला हलन्त देऊन य टाइप केला की डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र बरोबर उमटतो. मी एका कागदावर 'ऱ + ् + य = ऱ्य' लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. तो कागद अजून तिथेच आहे, पण आता त्याच्याकडे कोणी बघत नाही.

दुसरी बाब ल आणि श यांची. मराठीचं वळण आणि हिंदीचं वळण वेगळं आहे, आपल्या डोळ्याला ते लगेच खटकतं. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली आणि फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असली, तर अक्षरं आपोआप मराठी वळणाची होतात. मी टेम्पलेटमध्येच भाषा मराठी करून ठेवली. एवढ्याशा सेटिंगमुळे छापलेला कागद आपला वाटायला लागतो.

दादाची दहा-बारा वर्षांपूर्वीची पत्रं मात्र जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होती. नव्या मशीनवर ती उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. कारण त्या फाइलच्या आत मराठी कधी नव्हतंच. आत रोमन अक्षरं साठवलेली असायची आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा द्यायचा. फॉन्ट गेला की मजकूर गेला. मी कन्व्हर्टर वापरून कामाची पत्रं युनिकोडमध्ये आणली, जोडाक्षरं हाताने तपासली. दोन रविवार गेले. ज्यांच्याकडे असं जुनं लिखाण पडून आहे त्यांनी ते आजच बदलून घ्यावं, मग सिस्टीम कुठलीही वापरा.

आता विजेचं. आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ आलं की केळीचे बाग आडवे होतात आणि तारा तुटतात. या वर्षी जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी अशीच वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली, मशीन जागेवर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या लॅबमध्ये होतो, वहिनीचा फोन.

"भाऊ, हाई बंद पडी गयं वाटस. काळा पडदा शे, त्यावर इंग्रजी."

मी म्हटलं, शेवटची ओळ वाच. तिने एकेक अक्षर वाचलं. कंसात इनिट्रॅमएफएस, म्हणजे सिस्टीम पूर्ण सुरू होण्याआधीच थांबली होती. मला हायसं वाटलं, कारण डिस्क गेली नव्हती. एक्सट-फोर ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी एरवी ती स्वतःच गाडी रुळावर आणते, आपल्याला पत्ताही लागत नाही. या वेळी असा घोळ होता की जो विचारल्याशिवाय ती दुरुस्त करत नाही. मी फोनवर डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा सांगत गेलो: एफ, एस, सी, के. जागा सोड. वजाचं चिन्ह, वाय. जागा सोड. तिरपी रेघ, डी, ई, व्ही, तिरपी रेघ, एस, डी, ए, एक. एंटर. पलीकडे दुकानात चार जण उभे, कोणीतरी विचारत होतं, "काय व्हयनं?" स्क्रीनवर ओळी धावल्या. मग एक्झिट लिहायला सांगितलं, आणि नेहमीचा डेस्कटॉप आला. सगळा मजकूर जागच्या जागी. गेलं ते फक्त सेव्ह न केलेलं एक बिल.

सोळा महिन्यांत वीज किती वेळा गेली याची मोजदाद नाही, पण असं एकदाच झालं. त्या रविवारी जाऊन मी तीन कामं केली. यूपीएसची बॅटरी बदलली. मशीन सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या ओळीत 'एफएससीके डॉट रिपेअर बरोबर यस' घातलं, म्हणजे पुढच्या वेळी मशीन न विचारता दुरुस्ती करेल. आणि लिबरऑफिसचं आपोआप राखून ठेवणं दोन मिनिटांवर आणलं. बॅकअप पहिल्या दिवसापासून होताच, रोज दुकान बंद करताना आरसिंक हा प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर बदललेल्या फाइली उतरवतं. त्यासाठी डेस्कटॉपवर एक चिन्ह ठेवलं आहे, त्याला वहिनीने नाव दिलंय 'दिवा लावणे'.

तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. दुकानात आधीपासून एका मोठ्या कंपनीचा जुना लेझर प्रिंटर होता. त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, आणि तो डेबियनवर चालवता चालवता माझ्या दोन संध्याकाळ गेल्या. एक पान निघायचं, दुसऱ्याला अडकायचं. ऐन पेरणीच्या गर्दीत वहिनीला पेनड्राइव्ह घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. दिवाळीत नवा प्रिंटर घेतला, खोक्यावर एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) लिहिलेलं बघून. तो वायफायला जोडला आणि कप्सने, म्हणजे लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेने, त्याला स्वतःहून ओळखलं, ड्रायव्हर लागलाच नाही. लिनक्सवर जायचं असेल तर आधी प्रिंटर तपासा, कॉम्प्युटर नंतर.

दुसरी अडचण सुटलेली नाही. डिजिटल सहीचं टोकन आणि सीएला लागणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर. टोकन एका पोर्टलवर काही केल्या चाललं नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) उघडून पाहिलं, उघडलं, पण पैशाच्या बाबतीत 'बहुतेक चालतं' हे मला मान्य नाही. म्हणून दादाचा जुना विंडोज लॅपटॉप त्या दोन कामांपुरता ठेवला आहे. ज्यांचा पूर्ण धंदा अशाच सॉफ्टवेअरवर आहे त्यांना मी डेबियनवर या असं म्हणणार नाही.

वेगाचं थोडक्यात: मशीन सुरू झाल्यावर सहाशे-सातशे एमबी रॅम लागते. फायरफॉक्सचे पाच-सहा टॅब आणि कॅल्कची (लिबरऑफिसमधल्या एक्सेलसारख्या भागाची) मोठी फाइल उघडली तरी ४ जीबीत बसतं. रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारं झेडरॅम लावून दिलं आहे.

बाजारपेठेतले लोक विचारतात, फुकट आहे म्हणून टाकलं का? पैसे वाचले हे खरं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती एकाच जागेवरून सगळं मिळण्याची शिस्त. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस (टाकायला तयार सॉफ्टवेअर) आहेत आणि ती सगळी सही-शिक्क्यानिशी एकाच भांडारातून येतात. वहिनीला पीडीएफ जोडायचे होते, तिने मला विचारलं, मी पॅकेजचं नाव सांगितलं, झालं. गुगलवर शोधून दहा 'डाउनलोड' बटणांतलं खरं कोणतं हे ओळखत बसायची वेळ तिच्यावर आली नाही. आमच्या भागात मशीनमध्ये घाण शिरते ती बहुतेक याच बटणांतून. फॉरमॅट मारून देणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा.

आता शेजारच्या ठिबकवाल्यांचं मशीन समोर आहे. त्यांचं विंडोज १०, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, आणि ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, जो त्यांच्याकडे नाही. त्यांचा प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर मी आधी बघून आलो. हिशेब ते वहीतच ठेवतात, प्रिंटर नवा आहे. त्यांना डेबियन १३, ट्रिक्सी, टाकून देणार आहे, ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली.

दादाचं मशीन मात्र एवढ्यात १३ वर नेणार नाही. केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू आहे, खतासाठी रांग आहे, मग लगेच हरभरा आणि गव्हाचं बियाणं. १२ ला जून २०२६ पर्यंत नेहमीचे सुरक्षा-अपडेट आहेत आणि त्यापुढे २०२८ पर्यंत एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा आधार, तेव्हा घाई नाही. उन्हाळ्यात दुकान थंड असतं, तेव्हा आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढीन, त्या नकलेवर अपग्रेड करून बघीन, प्रिंटर आणि 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन्ही बरोबर उमटले की मगच मूळ डिस्कला हात लावीन. वहिनीला तसं सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं की दिवा लावायचं चिन्ह जागेवर राहील ना. राहील म्हणालो.