नवेच मासे दगावत असतील तर रिफ्रॅक्टोमीटर आधी घ्या : एक परीक्षण

समुद्री माशांची टाकी घरात ठेवायची ठरली की खरेदीच्या यादीत दिवे, प्रोटीन स्किमर, लाइव्ह रॉक आणि मिठाची बादली वर असतात. क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, मोजण्याचे काम मात्र प्लॅस्टिकच्या एका स्वस्त हायड्रोमीटरवर सोपवून दिले जाते. हा क्रम चुकीचा आहे आणि पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारा, हातात धरून वापरायचा रिफ्रॅक्टोमीटर या यादीत अगदी वर असला पाहिजे, असे माझे मत बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांच्या टाकीवरून झाले. साध्या रिफ्रॅक्टोमीटरची किंमत दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास असते, आणि मामांच्या टाकीत आणताच मरून गेलेल्या माशांची किंमत त्याहून कितीतरी अधिक होती.

त्या टाकीची तक्रार विचित्र होती. क्लाउनफिशची जुनी जोडी आणि एक डॅमसेल वर्षानुवर्षे धडधाकट, खाणेपिणे उत्तम. पण नवा मासा आणला की पहिल्या दिवशी तो बरा दिसे, दुसऱ्या दिवशी खाणे सोडी आणि तिसरा दिवस क्वचितच पाहत असे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान ठीक. "अगं, पाण्यात दोष असता तर हे तिघे आधी गेले नसते का?" असे मामा म्हणत, आणि वरवर पाहता ते म्हणणे बिनतोड वाटे. शेवटी शेवटी आलेला एक छोटा टँग मी जवळून पाहिला. तो पंपामागच्या कोपऱ्यात तळाशी टेकला होता, पर अंगाशी मिटलेले, कल्ल्यांची उघडझाप फार जलद, पोट आत गेलेले आणि कातडीवरचा रंग विटलेला. अंगावर ठिपके नव्हते, सोनेरी भुकटीसारखा थर नव्हता, कुठे जखमही नव्हती.

ही लक्षणे वाचताना मृत्यूची वेळ फार महत्त्वाची असते. मासा टाकीत सोडल्यावर काही तासांतच गेला तर तो ज्या पिशवीतून आला तिच्यातला अमोनिया, प्राणवायूची कमतरता किंवा तापमानाचा धक्का यांचा संशय घ्यावा. दोन-तीन दिवसांत गेला तर क्षारतेतील मोठी तफावत किंवा वेल्वेट हा परजीवी, म्हणजे अमायलूडिनियम, हे दोन मुख्य संशयित ठरतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी, खात असूनही किंवा मुळीच न खाता गेला तर उपासमार, आतड्यातील परजीवी किंवा पकडताना वापरलेले सायनाइड यांचा विचार करावा लागतो. फिलिपिन्स आणि इंडोनेशियातील प्रवाळखडकांवर सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची वाईट पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे आणि त्याचा परिणाम पुष्कळदा मासा घरी पोचल्यावर दिसतो. वेल्वेट मात्र सहसा नव्या-जुन्यांत भेद करीत नाही आणि टाकीतल्या जुन्या माशांनाही गाठतो. मामांच्या टाकीत जुने मासे सुखरूप होते. म्हणजे दोष एकट्या टाकीच्या पाण्यात किंवा एकट्या नव्या माशात शोधण्यापेक्षा या दोहोंमधल्या फरकात शोधायला हवा होता, आणि तो फरक दाखवू शकेल असे साधन घरात नव्हते.

घरात होता तो हायड्रोमीटर टाकीच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते शुद्ध पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, १.०२४ दाखवत होता, जे कोणालाही योग्यच वाटावे. रिफ्रॅक्टोमीटर आणल्यावर त्याच पाण्याचा आकडा ४० पीपीटीच्या (हजार भागांत क्षारांचे ४० भाग) जवळ, म्हणजे सुमारे १.०३० निघाला. नैसर्गिक समुद्राचे पाणी साधारण ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६ च्या आसपास असते. हायड्रोमीटरचा हलता काटा भिंगाखाली धरला तेव्हा त्याच्या टोकाशी आणि खिळीभोवती पांढरट क्षारांचा पातळ थर बसलेला स्पष्ट दिसला. थरामुळे काटा जड होतो, जितका वर उचलला जायला हवा तितका उचलला जात नाही आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर याच्या उलट घडते. आकडा कमी दिसतो म्हणून मामा मीठ वाढवत गेले. शिवाय बडोद्याच्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते, तेव्हा त्या जागी आरओचे गोडे पाणीच घालायचे असते. इथे मात्र अनेकदा मीठ कालवलेले पाणी घातले गेले होते. हा चढ इतका संथ होता की जुन्या माशांनी तो निभावून नेला.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग पिशवीत होता. पुढच्या खेपेला बाहेरगावच्या विक्रेत्याकडून मासे आले तेव्हा पिशवीतल्या पाण्याचा एक थेंब त्याच यंत्रावर ठेवला आणि आकडा आला सुमारे २५ पीपीटी. विक्रेते क्षारता अशी उतरवून ठेवतात यात लबाडी नाही. मीठ वाचते आणि माशाच्या शरीरावरचा ताणही थोडा कमी होतो. मात्र इतक्या उतारामुळे परजीवी मरतात असे समजू नये. व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीवर क्षारता घटवून उपचार करायचा तर ती १.००९ पर्यंत उतरवावी लागते आणि कित्येक आठवडे तिथेच धरून ठेवावी लागते. माझी तक्रार एवढीच की हा आकडा पिशवीवर लिहून पाठवणे फार सोपे आहे आणि तरीही तो लिहिला जात नाही.

२५ वरून ४० वर अर्ध्या तासात नेलेल्या माशाचे काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. समुद्री माशाच्या रक्तातील क्षार भोवतालच्या समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जात असते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींमधून बाहेर टाकतो. ही यंत्रणा नव्या क्षारतेशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात, तास पुरत नाहीत. एकदम खारट पाण्यात पडलेला मासा भर पाण्यात असूनही आतून सुकत जातो आणि म्हणूनच तो लगेच न मरता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. उलट दिशेचा बदल, म्हणजे जास्त क्षारतेतून कमी क्षारतेत जाणे, मासे बरेच सहज पेलतात.

रिफ्रॅक्टोमीटर वापरायला सोपा आहे, पण विचार न करता वापरावा इतकाही सोपा नाही. काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, वरची पारदर्शक झडप हवेचा बुडबुडा न अडकता मिटायची, अर्धा मिनिट थांबायचे आणि उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेषा पट्टीवर वाचायची. दिवसाच्या उजेडात ही रेषा धारदार दिसते, ट्यूबलाइटखाली ती थोडी पसरते. झडप मिटायला उशीर झाला तर मे महिन्याच्या गरम हवेत एवढासा थेंब पाहता पाहता आटू लागतो आणि आकडा वर चढतो. काम झाल्यावर काच आरओच्या पाण्याने पुसली नाही तर हायड्रोमीटरच्या काट्यावर बसला तसाच थर इथेही बसेल.

खरी अडचण यंत्र प्रमाणित करण्यात, म्हणजे ठाऊक क्षारतेच्या पाण्याशी त्याचा आकडा जुळवून घेण्यात, आहे आणि सोबत येणारी माहितीपत्रके इथेच कमी पडतात. शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून रेषा शून्यावर आणा, असे त्यांत सांगितलेले असते. परंतु बाजारातली पुष्कळ स्वस्त यंत्रे साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेटही असते आणि ते प्रकाश किंचित वेगळ्या प्रमाणात वाकवते. अशा यंत्राचे शून्य बरोबर लावले तरी ३५ पीपीटीचे समुद्री पाणी त्यात ३६.५ दिसते. शिवाय शून्यावर बरोबर असलेली पट्टी ३५ वरही बरोबर असेल, याची खात्री नसते. म्हणून ज्या आकड्याजवळ मोजायचे त्याच आकड्यावर यंत्र लावावे. त्यासाठी ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण छोट्या बाटलीत मिळते. ते न मिळाल्यास ३६.५ ग्रॅम साधे मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवावे. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो तितकाच ३५ पीपीटीच्या समुद्री पाण्यातून वाकतो, तेव्हा रेषा ३५ वर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवावा. वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर न करता सराफाकडे असतो तशा बारीक काट्यावर करावे. मामांनी मांडवीतल्या ओळखीच्या पेढीवर मीठ तोलून आणले, आणि विकतच्या द्रावणाशी ताडून पाहिले तेव्हा दोन्ही रेषा एकाच जागी आल्या.

दुसरा दोष आमच्या गावाला विशेष जाचतो. तापमानाची आपोआप भरपाई करणारी सोय, जिला खोक्यावर एटीसी म्हटलेले असते, ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोलीही ३० अंशांच्या वर असते. त्या वेळी घेतलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सकाळी लवकर मोजावे, आणि यंत्र, द्रावण व पाण्याचा नमुना हे तिन्ही काही वेळ एकाच खोलीत ठेवून मगच मोजावे. स्क्रू हळूहळू सरकतो, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी द्रावणाने पडताळणी हवी.

एवढे दोष सांगूनही मी हे यंत्र घ्या असेच म्हणेन, कारण नव्या माशाच्या बाबतीत अचूक आकड्याइतकाच दोन आकड्यांमधला फरक मोलाचा असतो. थोडे चुकलेले यंत्रही पिशवीचे पाणी आणि टाकीचे पाणी जवळपास सारखेच चुकवते, फरक मात्र खरा दाखवते. तो फरक दिसल्यावर उपाय कठीण राहत नाही. मामांनी वेगळ्या छोट्या टाकीत पिशवीइतक्याच क्षारतेचे पाणी तयार ठेवले, फक्त तापमान जुळवले आणि मासे सरळ त्यात सोडले. मग रोज एक-दोन पीपीटी याप्रमाणे क्षारता चढवत नेली. तिकडे मोठ्या टाकीतले थोडे थोडे पाणी काढून त्या जागी आरओचे पाणी घालत ती अनेक दिवसांत ३५ वर आणली. या खेपेचे मासे तिसऱ्या दिवशी कल्ले हापसत कोपऱ्यात बसले नाहीत, गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खाऊ लागले.

नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासन्‌तास पिशवीतच जुळवत बसण्याची सवय यामुळे सुटते, हाही एक मोठा लाभ मी मानते. रात्रभराचा प्रवास करून आलेल्या बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. कमी पीएचमध्ये अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे फारशा न बाधणाऱ्या रूपात असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी बनतो. अशा पाण्यात माशाला आणखी दोन तास ठेवणे म्हणजे त्याचे कल्ले जाळणे होय. क्षारता आधीच ठाऊक असली आणि तिच्या जोडीचे पाणी तयार असले तर मासा काही मिनिटांत स्वच्छ पाण्यात जातो.

या यंत्राकडून काय अपेक्षू नये, तेही सांगते. त्याला अमोनिया दिसत नाही, प्राणवायू दिसत नाही, वेल्वेट दिसत नाही. दोन्ही पाण्यांची क्षारता जुळत असूनही नवे मासे जात असतील तर परजीवींवरची कॉपरची (तांब्याची) औषधे आणि त्यांचे मोजमाप, काही आठवड्यांचे वेगळे ठेवणे, शक्य असल्यास कल्ल्याच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, हा पुढचा रस्ता आहे. पण क्षारता मोजल्यावाचून कॉपर घालू लागणे मला पटत नाही, कारण आधीच आतून सुकत चाललेल्या माशाला कॉपरचा त्रास अधिकच होतो.

खरेदी करताना पट्टीवर पीपीटी आणि विशिष्ट गुरुत्व हे दोन्ही आकडे आहेत आणि ती समुद्री पाण्यासाठी आखली आहे, असे स्पष्ट लिहिलेलेच यंत्र निवडावे. द्रवातील साखर मोजणारे ब्रिक्सचे रिफ्रॅक्टोमीटर दिसायला हुबेहूब असते, ते चुकून घेऊ नये. विद्युत्‌वाहकतेवर चालणारे डिजिटल पेनही मिळतात, वाचायला सोपे असतात आणि ज्यांची नजर बारीक पट्टीवर ठरत नाही त्यांना ते सोयीचे जातील. मात्र त्यांनाही प्रमाणित द्रावण लागतेच, आणि त्यांचा संवेदक नीट धुतला नाही तर तो लवकर बिघडतो. द्रावणाची मोठी बाटली घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात. उघडलेल्या बाटलीतले पाणी आमच्याकडच्या उन्हाळ्यात टोपणातूनही उडत राहते, आणि मग ज्याच्यावर यंत्र लावायचे तेच ३५ चे ३६ होऊन बसते.