एसी केबिनवाला ट्रॅक्टर, ८ महिन्यांनी: फिल्टरपेक्षा त्याच्या कडेची फोमपट्टी महत्त्वाची निघाली

५५ एचपी, फोर व्हील, कंपनीचीच एसी केबिन. डिझेल, लिफ्ट, गिअर याच्यावर भरपूर जणांनी लिहिलंय, ते परत सांगत बसत नाही. मी फक्त केबिनच्या हवेबद्दल लिहितोय, कारण वरचे पैसे आम्ही गारव्यासाठी नाही, धुळीसाठी मोजलेत. आईनं निपाणीत तंबाखूच्या वखारीत २२ वर्षं काढली, तिचा रात्रीचा खोकला ऐकत आम्ही मोठे झालो. आणि आमचे ड्रायव्हर मामा जुन्या उघड्या ट्रॅक्टरवर उसाच्या पाचटाची कुट्टी करून आले की रुमाल काळा व्हायचा, दोन दिवस आवाज बसायचा. म्हणून घेतला.

दसऱ्याला गाडी आली, पहिले दोन-तीन महिने काही बोलायचं काम नव्हतं. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

जानेवारीत तोड झालेल्या प्लॉटात कुट्टी सुरू झाली आणि चार दिवसांत मीटरच्या काचेवर पिठासारखी धूळ, बोटानं नाव लिहावं एवढी. सर्व्हिसला फोन केला तर रोज एकच कानडी उत्तर, "नाळि बर्तीन्री", म्हणजे उद्या येतो. ती नाळि अकराव्या दिवशी उजाडली. मेकॅनिक आला, छतातला फिल्टर काढला, कॉम्प्रेसरची नळी अगदी टेकवून फुल प्रेशरनं हाणली, परत बसवला आणि ७५० रुपये. वॉरंटीत आहे म्हटलं तर म्हणे फिल्टर त्यात येत नाही. लई वाद झाला, शेवटी पैसे दिलेच. रात्री फिल्टर काढून अंधारात मागून टॉर्च धरला तर कागदाच्या घड्यांत सुईच्या टोकाएवढे चार-पाच उजेडाचे ठिपके. म्हणजे हवा मारून कागदच फाडला की! कागदाचा फिल्टर असा जोरात फुंकायचा नसतोच, हे शिकायला मला २,४०० रुपयांचा नवीन फिल्टर लागला.

आणि नवीन टाकून तिसऱ्या दिवशी परत धूळ. त्या दिवशी मी कंपनीला एक स्टार द्यायला बसलो होतो, पण आधी म्हटलं परत एकदा बघू. फिल्टर उलटा केला. कागदाची आतली बाजू पांढरीशुभ्र, फक्त डाव्या कोपऱ्यात चौकटीच्या कडेनं बोटभर लांब काळा पट्टा. तिथली फोमपट्टी चेपून पापडासारखी झालेली आणि कोपऱ्यात जोड सुटलेला. हवा सोप्या वाटेनं जाणार, कागदातून कशाला जाईल. म्हणजे धुळीसाठी मी ज्या फिल्टरला शिव्या दिल्या त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मान्य करतो. हार्डवेअरमधून ८० रुपयांचं गाडीच्या दरवाजाचं मऊ रबर आणलं, जुनी पट्टी खरवडून चारी बाजूनं चिकटवलं. एवढ्या महागाच्या केबिनला ही पट्टी का धड लावत नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

दुसरी चूक मात्र आमचीच. मामा हवा आतल्या आत फिरवायचं बटण कायम दाबून ठेवायचे, बाहेरची धूळ नको म्हणून. पण बाहेरची हवा फिल्टरमधून ओढून केबिनमध्ये थोडा जादा दाब राहिला तरच फटीतनं हवा बाहेर पडते, नाहीतर पेडलच्या भोकातनं, मागच्या वायरच्या भोकातनं धूळ आत येत राहते. हे तपासायला सलाईनची नळी वाकवून त्यात कुंकवाचं पाणी भरलं, एक टोक आत, एक बाहेर. ते बटण दाबलेलं असताना पाणी समान. बाहेरची हवा चालू केल्यावर जेमतेम १ मिमी फरक. सगळी भोकं रबर लावून बुजवल्यावर अडीच मिमी! २ मिमी पाणी म्हणजे साधारण २० पास्कल, आणि ट्रॅक्टर केबिनसाठीच्या ईएन १५६९५ या युरोपातल्या स्टँडर्डमध्ये फवारणीच्या वरच्या दोन वर्गांच्या केबिनला किमान तेवढाच दाब मागितलाय. ते बघून मामांना हाक मारून दाखवलं.

पण याच्यावरून आमची केबिन फवारणीला चालते असं समजू नका. त्या स्टँडर्डमध्ये चार वर्ग आहेत, दुसरा फक्त धुळीचा, तिसऱ्यात औषधाचे बारीक थेंबपण अडतात, चौथ्यात वाफसुद्धा. गाडी घेताना "बंद केबिन आहे, बिनधास्त फवारा" असं सांगितलं होतं, वर्ग कुठला विचारलं तर माणूस तोंडाकडं बघत राहिला. सोयाबीनवर औषध मारताना पंधरा मिनिटांत आत वास आला. कागद वाफ अडवत नाही, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वाफ शोषणारा कोळसा लागतो, आणि कार्बन संपला हे बघून कळत नाही. शिवाय नुसत्या धुळीच्या कामात तो ठेवला तर धुळीनंच भरून जातो. आमच्या मापाचा कार्बन फिल्टर मागवून दीड महिना झाला, अजून आलेला नाही. तोवर फवारणी या ट्रॅक्टरनं बंद, माझ्याच सांगण्यावरनं. भाड्याची दोन कामं सोडली. आला की फक्त फवारणीला लावायचा, काम झालं की काढून पिशवीत हवाबंद ठेवायचा, आणि औषध लागलेले हातमोजे केबिनमध्ये आणायचे नाहीत, असं मामांशी ठरलंय.

आता ६१० तास झालेत. छताच्या झाकणावर मार्करनं फिल्टर बदलल्याची तारीख आणि तास लिहून ठेवतो, दर रविवारी मामा पट्टीवर बोट फिरवून बघतात. काल दिवसभर रोटर मारून आले, रुमाल पांढरा होता.