दहावीच्या विज्ञानात अडलं तर कुठं विचारावं? वर्गाचा ग्रुप, टेलिग्राम आणि इंग्रजी चर्चागट

कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. अलीकडं पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, रात्री अभ्यासात अडलं की पोरगं मोबाईल मागतंय. कुठल्या ग्रुपवर विचारलेलं चालंल?" दारात उभ्या उभ्या प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आपल्याकडच्या मुलांसमोर मुख्यतः तीन वाटा असतात. एक, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. दोन, टेलिग्रामवरचे हजारो मुलांचे ग्रुप. तीन, फिजिक्स फोरम्स, स्टॅक एक्स्चेंज, रेडिट असे इंग्रजी चर्चागट, म्हणजे अनोळखी माणसं एकमेकांच्या प्रश्नांना उघडपणे उत्तरं लिहितात त्या वेबसाइट. माझा कौल आधीच सांगते. वर्गाचा ग्रुप राहू दे, पण उद्या काय आणायचं, कुठला स्वाध्याय दिलाय, एवढ्यापुरता. खरी शंका असेल तर इंग्रजी चर्चागट. टेलिग्राम दहावी होईपर्यंत नको.

असं का म्हणते, ते गेल्या वर्षीच्या एका प्रसंगावरून सांगते.

उकळत्या पाण्याचे ९८ अंश

माझ्याकडच्या एका मुलीनं शाळेत पाणी उकळून तापमान मोजलं. तापमापीतला पारा ९८ वर थांबला, पुढं सरकेना. पुस्तकात १०० दिलेलं. रात्री तिनं प्रयोगवहीच्या पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "१०० लिही, नाहीतर मार्क कापतील." त्याखाली भराभर अंगठे.

दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून तिनं तोच प्रश्न एका इंग्रजी चर्चागटावर टाकला. तिथं उत्तराऐवजी आधी प्रश्न आला: तुमचं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे? दुसऱ्या एकानं विचारलं, ही तापमापी वितळत्या बर्फात धरून बघितलीस का, शून्य दाखवते का?

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. म्हणजे आपल्या गावात पाणी ९८ च्या आसपासच उकळायला हवं. पोरीनं बघितलेलं बरोबर होतं आणि तेच खोडायला तिला सांगितलं गेलं होतं. बर्फाची परीक्षाही तिनं घरी केली. पारा बरोबर शून्यावर आला, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

वर्गातल्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांचं पुस्तक एक, परीक्षा एक, भीतीही एकच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे ग्रुप निघाले आणि तसेच चालू राहिले. तिथं प्रश्न पडला की कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकतं, बाकीचे उतरवून घेतात, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांत सगळं खाली वाहून जातं. महिन्यानं शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. चर्चागटावर मात्र तो प्रश्न आणि त्याखालची सगळी चर्चा वर्षानुवर्षं जागेवर राहते. गूगलवर शोधलं की पुढच्या मुलाला सापडते.

आत शिरायला काय लागतं

व्हॉट्सॲप घरात असतंच, त्यामुळं वर्गाच्या ग्रुपला वेगळं काही करावं लागत नाही. पण त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. तुकडीचा ग्रुप साठ जणांचा असतो तोवर ठीक. "सर्व शाळा दहावी मिशन" अशा नावाच्या ग्रुपमध्ये कुणी परस्पर घातलं तर निघा. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, ते सेटिंगमध्ये 'माझे संपर्क' एवढंच ठेवा.

टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये २ लाख माणसं बसतात. नंबर मुळात फक्त आपण संपर्कात साठवलेल्यांनाच दिसतो, तरी सेटिंग एकदा तपासून घ्या. नोट्सची फुकट पीडीएफ मिळते म्हणून मुलं तिकडं ओढली जातात. त्या कुणी लिहिल्या, कुठल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या, याचा पत्ता नसतो. फेब्रुवारी जवळ आला की "पेपर मिळेल, आधी पैसे पाठवा" हे सुरू होतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं आईच्या मोबाईलवरून असे पैसे पाठवले होते. आलेला पेपर कुठल्याशा जुन्या सराव परीक्षेचा निघाला. पैसे गेल्याचं दुःख कमी, आठवडाभर घरात तोंड लपवून बसला त्याचं मला जास्त वाटलं. शंका विचारायला तिथं जागा असते, पण एका मिनिटात पन्नास मेसेज येतात आणि तुमचा प्रश्न वर निघून जातो.

इंग्रजी चर्चागटांचं वेगळं आहे. वाचायला काहीच लागत नाही, खातंसुद्धा नाही. विचारायला ईमेल पुरतो, फोन नंबर कुणाला दिसत नाही, टोपणनावानं लिहिता येतं. रेडिटला वयाची किमान अट १३ वर्षांची आहे. खातं आई-वडिलांच्या ईमेलवर काढा आणि अनोळखी माणसाचे खाजगी संदेश पहिल्याच दिवशी बंद करा. आणखी एक, वहीचा फोटो टाकताना वरच्या कोपऱ्यातलं नाव, शाळा, हजेरी क्रमांक कापून टाका. मुलींच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

इंग्रजी चर्चागट सगळे सारखे नाहीत

इथंच मुलं सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टॅक एक्स्चेंजच्या भौतिकशास्त्र विभागात नुसतं गणित टाकून "सोडवून द्या" म्हटलं तर प्रश्न बंद करतात. "माझं उत्तर बरोबर आहे का बघा" हेही तिथं चालत नाही. त्यामागची संकल्पना विचारावी लागते. जाणकार माणसं आहेत, पण बोलणं रोखठोक. पहिल्याच प्रश्नाला उणे मतं, म्हणजे नापसंतीच्या खुणा, पडल्या की चौदा वर्षांचं पोर हिरमुसतं. तिथं आधी वाचायला जावं, विचारायला अकरावी-बारावीत.

रेडिटवर आस्क सायन्स नावाचा विभाग आहे, तो गृहपाठ घेत नाही. गृहपाठाला होमवर्क हेल्प वेगळा आहे. त्यात शीर्षकातच इयत्ता आणि विषय लिहावा लागतो, म्हणजे उत्तर देणारा त्या पातळीवर बोलतो. उत्तर लवकर मिळतं, पण कधी कुणी अख्खं गणितच सोडवून देतं. मग हाती पुन्हा उतरवून घेणंच येतं.

दहावीच्या मुलासाठी मला सर्वांत पटतो तो फिजिक्स फोरम्सचा गृहपाठ विभाग. २००१ पासून चालू आहे. प्रश्न टाकताना तीन भाग भरायचे असतात: गणित काय आहे, कुठली सूत्रं लागतील असं तुला वाटतं, आणि तू आतापर्यंत काय केलंस. तिसरा भाग रिकामा ठेवला तर कुणी मदत करत नाही. पूर्ण उत्तर तिथं देतच नाहीत, एक पाऊल दाखवतात आणि थांबतात. माझ्या शिकवणीत मी पंधरा जणांच्या घोळक्यात जे करायला धडपडते, ते हे लोक एकेका मुलासाठी शांतपणे करतात. त्याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

चिन्हांचा घोटाळा

पण परदेशी मदतीत एक खड्डा आहे, आणि तो दहावीच्या 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यातच आहे.

बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू भिंगापासून १५ सेंमीवर. प्रतिमा कुठं? आपल्या पुस्तकात कार्टेशियन चिन्ह संकेत आहे. वस्तूचं अंतर उणे १५ घ्यायचं, आणि सूत्रात प्रतिमेच्या अंतराच्या व्यस्तातून वस्तूच्या अंतराचा व्यस्त वजा करायचा. अमेरिकेतल्या शाळांच्या पुस्तकांत बहुधा वस्तूचं अंतर अधिक घेतात आणि सूत्रात वजाऐवजी बेरीज असते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत, दोन्हींत १/१० − १/१५ = १/३० येतं, प्रतिमा ३० सेंमीवर.

माझ्या विद्यार्थ्यानं सूत्र तिकडच्या उत्तरातून घेतलं आणि चिन्ह आपल्या पुस्तकातलं. झालं १/१० + १/१५ = १/६. प्रतिमा ६ सेंमीवर! वही पुढं करून म्हणाला, "मॅडम, पुस्तकात ३० हाय, माझं ६ येतंय. आकडेमोड तर चारदा तपासली, कुठं चुकलं?" आकडेमोड बरोबरच होती. बहिर्गोल भिंगाची पडद्यावर पडणारी प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच येत नाही, एवढं डोक्यात असतं तर ६ दिसताक्षणी तो थांबला असता.

म्हणून प्रश्नातच लिहायचं: आमच्या पुस्तकात कार्टेशियन साईन कन्व्हेन्शन आहे, ऑब्जेक्ट डिस्टन्स निगेटिव्ह घेतो. एका ओळीनं पुढचा सगळा गोंधळ टळतो. वर्गाच्या ग्रुपमध्ये हा धोका नसतो, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मराठी माध्यमाच्या मुलांचं काय

"आमच्या पोराला इंग्रजी कुठलं येतंय?" असं वहिनी म्हणतात. येतं, गरजेपुरतं. बालभारतीच्या पुस्तकात बऱ्याच संज्ञांशेजारी इंग्रजी शब्द दिलेला असतो. नाभीय अंतर म्हणजे फोकल लेंथ, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. असे पंचवीस-तीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे. आकडे आणि सूत्रं सगळीकडं सारखीच. मोडक्या इंग्रजीला तिथं कुणी हसत नाही. काहीच प्रयत्न न करता विचारलं तर मात्र लोक वैतागतात.

विज्ञान भाग २ साठी, म्हणजे आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया वगैरेंसाठी, बाहेर फारसं जाऊ नका. तिथं पुस्तकातली व्याख्या, नामनिर्देशित आकृती आणि मुद्देसूद उत्तर लागतं. त्यात वर्गशिक्षक आणि वर्गाचा ग्रुपच जास्त कामाचा.

प्रश्न कसा लिहावा

"प्लीज सॉल्व्ह धिस" आणि खाली तिरका, अंधुक फोटो, हे कुठंच चालत नाही. माझी मुलं असा लिहितात: "इयत्ता दहावी. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. मी हे सूत्र वापरलं, असे आकडे घातले, उत्तर ६ आलं. पुस्तकात ३० आहे. चिन्ह चुकलं की सूत्र?" निम्म्या वेळा हे लिहिता लिहिताच चूक सापडते आणि प्रश्न टाकावाच लागत नाही.

जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मले. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन. पोस्टकार्डावर जागा केवढीशी! तेवढ्यात आपली शंका मांडायची तर आधी ती स्वतःला कळावी लागते. शिकवणीत मी आजही मुलांना आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रश्न लिहायला लावते, मोबाईल त्यानंतर.

उत्तराला लागणारा वेळ

वर्गाच्या ग्रुपवर पाच मिनिटं. चर्चागटावर कधी अर्धा तास, कधी दुसरा दिवस. आपल्याकडं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून जेवणानंतर टाकलेल्या प्रश्नाला झोपायच्या आत बरेचदा काहीतरी येतं. सकाळी सातला टाकलेला बहुधा दिवसभर तसाच राहतो. उद्या वही तपासायची असेल तर चर्चागटाच्या भरवशावर बसू नका.

ब्रेनलीसारख्या ठिकाणी तयार उत्तर लगेच मिळतं. ते बहुतेक मुलांनीच त्या साइटवरच्या गुणांसाठी लिहिलेलं असतं. पडताळलेलं अशी खूण असेल तरच बघा, तेही स्वतः सोडवून झाल्यावर. एआयबद्दलही पालक विचारतात. ते समजावून छान सांगतं, पण चुकलं तर खाली दुसरं कुणी "अहो, हे चूक आहे" म्हणणारं नसतं. आणि गूगल ग्रुप्सवरचे साय डॉट फिजिक्ससारखे (sci.physics) यूजनेट गट, म्हणजे इंटरनेटवरचे फार जुने चर्चागट, कुणी सुचवले तर त्यात वेळ घालवू नका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलवरून तिथं नवीन काही टाकता येत नाही, जुनं फक्त वाचता येतं.

आठवी-नववीच्या मुलांना मी पहिले दोन-तीन महिने फक्त वाचायला लावते. रविवारी एक चर्चा निवडायची, त्यात विचारणाऱ्याचं कुठं अडलं होतं ते मराठीत चार ओळींत वहीत लिहायचं. तेवढं जमलं की खातं काढू देते. दहावीच्या मुलानं नवीन खातं काढायचंच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत काढावं. जानेवारीत सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकं सुरू होतात, तेव्हा नवीन जागेची सवय करायला वेळ नसतो.