स्टार ट्रेल: एकच लांब एक्स्पोजर की शेकडो छोटे फोटो?

ट्रायपॉड आहे, कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड आहे, आता ताऱ्यांची वर्तुळं टिपायची आहेत. मग शटर तासभर उघडं ठेवायचं, की ३०-३० सेकंदांचे फोटो काढून नंतर जोडायचे? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे रेषांची लांबी दोन्हींत तेवढीच येते.

एकाच एक्स्पोजरची ओढ मी समजू शकतो. बल्ब मोड (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, लेन्सचं तोंड म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८, बटण दाबूनच ठेवणारा लॉकचा रिमोट. रेष अखंड, संगणकाचं काम जवळजवळ नाही. पण पन्नासाव्या मिनिटाला शेतातून कुणी बॅटरी मारली, की सगळी मेहनत पाण्यात. शिवाय सेन्सर तापून रंगीत ठिपके उमटतात आणि शहराचा उजेड साचत जाऊन आकाश नारिंगी पडतं.

म्हणून नवशिक्याने फोटो जोडण्याचाच मार्ग धरावा. ऑटोफोकस बंद करून एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करा आणि तो बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फोटोमागून फोटो काढणारा कंटिन्युअस मोड. तासाला साधारण १२० फोटो होतात; स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर ते जोडतं. मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तरी तोवरचे फोटो हातात राहतात. कुठे गाडीचा झोत आला, तर तो फोटो वगळू नका, रेष तुटेल. जोडण्याआधी संगणकावर झोताचा भाग तेवढा काळ्या रंगाने झाका. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (ते रंगीत ठिपके पुसणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) मात्र आठवणीने बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि रेषांचे तुकडे पडतात.

ताऱ्यांची वर्तुळं ध्रुवाभोवती पडतात, म्हणून जागेचा विचार उत्तरेकडे बघून करा. नाशिकहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा. डोंगराच्या अगदी पायथ्याशी उभे राहिलात तर तो झाकला जातो. सिन्नरकडून उत्तरेला कॅमेरा लावला की नाशिकचा झगमगाट फ्रेममध्ये घुसतो. अंजनेरी-त्र्यंबककडे शहर पूर्वेला राहतं, म्हणून माझी पसंती तिकडे. गंगापूर धरणाच्या काठी पाण्यात प्रतिबिंब मिळतं खरं, पण थंडीत लेन्सवर दव धरतं, दर थोड्या वेळाने बघावं लागतं.

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचं आकाश बहुधा निरभ्र असतं. अमावस्येसाठी अडून बसू नका. शुद्ध चतुर्थीची कोर मावळेपर्यंत समोरचा डोंगर हलका उजळून देते; त्या उजेडात पुढच्या दृश्याचे फोटो घ्या, आणि ती मावळली की रेषांचे सुरू करा.